बद्द वाजलेला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी ताम्हनात दोन रुपये मांडतात आणि तिसरा ताम्हनाबाहेर, विड्याच्या पानावर. ताम्हनातल्या दोघांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे फूल. पानावरच्याला नुसते निरांजन ओवाळायचे. लहानपणी मी आईला विचारले होते, "त्याला कुंकू का नाही गं?"

"तो खोटा आहे," आई म्हणाली.

"मग ठेवायचा कशाला?"

"घरात आलेली लक्ष्मी फेकू नये."

एवढ्यावर विषय संपला आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे संपलेलाच राहिला. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी दिसतात. आपल्या देव्हाऱ्यातली वस्तू मात्र दिसत नाही. ती मला दाखवली माझ्या वर्गातल्या एका मुलीने.

मी वडगाव मावळला शाळामास्तर आहे. इतिहास शिकवतो. वडगावचा तह शिकवायचा म्हणजे आमच्या गावच्या मास्तराला पुस्तक उघडावे लागत नाही. मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. १७७९ च्या ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कप्तान स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा इष्टुर फाकडा, पडला. फौज तळेगावास पोचली तेव्हा गाव ओस होते, दाणावैरण मिळेना. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात लोटून फौज माघारी वळली, आणि महादजी शिंद्यांच्या सैन्याने तिला वडगावात कोंडली. १६ जानेवारीस तह झाला. साष्टी वगैरे घेतलेला मुलूख परत द्यायचा, दोन इंग्रज ओलीस ठेवायचे, शिंद्यांना भडोच द्यायचे आणि त्यांच्या माणसांना ४१ हजार रुपये नजर करायचे, असे ठरले. फौज सुखरूप मुंबईस पोचली आणि कंपनीच्या मुंबईच्या कौन्सिलने सांगितले की, सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता. तह आम्हांला मंजूर नाही.

इथे आलो की मी दरवर्षी मुलांना म्हणतो, "म्हणजे तहाचे नाणे वरून चांदीचे, आतून तांब्याचे निघाले." मुले हसतात. यंदाही हसली. पण मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "सर, आमच्या घराला खोट्या रुपयाचं घर का म्हणतात?"

मला काही उत्तर सुचेना. कारण तो खोटा रुपया आमच्याच घरी होता.

हकीगत माझ्या आजीने सांगितलेली. १९१८ साली पावसाने दगा दिला, आणि वर इन्फ्लुएंझाची साथ. मावळात भात गेला म्हणजे सगळेच गेले. वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याने माझ्या पणजोबांकडून बियाण्याला आणि पोटाला म्हणून भात उसना नेला. पुढल्या वर्षी तो फेडीचे रुपये घेऊन आला. त्यांतले बाकीचे राजा छाप होते. एक मात्र जाडजूड, वेडावाकडा, वर फारसी अक्षरे असलेला. पणजी करारी बाई. तिने तो रुपया उचलला आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटला. बाकीचे खणखणले होते. हा बद्द वाजला. "देवासमान माणसाला खोटं नाणं देतोस?" असे ती चारचौघांत बोलली. तो माणूस काही न बोलता निघून गेला. पुन्हा तो आमची पायरी चढला नाही, आणि आमच्याकडचे कोणी त्याची. त्याच्या घराला मात्र नाव पडले. माणसे गेली, कौले जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आला, नाव राहिले.

त्या मुलीला मी म्हणालो, "मला थोडे दिवस दे. बघून सांगतो." आणि घरी येऊन आईला म्हणालो, "आई, मला तो रुपया दे." आई कधी देईलसे वाटले नव्हते. लक्ष्मीची परीक्षा घेऊ नये, असे ती म्हणत आलेली. पण मुलीची गोष्ट ऐकल्यावर ती उठली, डबी उघडली आणि तिन्ही रुपये माझ्या ओंजळीत घालून म्हणाली, "बघायचे तर तिघांनाही बघ. एकट्यालाच नको."

आईचे हे म्हणणे किती योग्य होते ते मला पुढे कळले. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डबीत असेच दोनतीन रुपये असतील. तेव्हा या तिघांची ओळख करून देतो.

पहिला राणी छाप, दुसरा १९४४ चा राजा छाप, आणि तिसरा आमचा आरोपी. त्याच्यावरच्या अक्षरांत अंकुशाची आकृती स्पष्ट दिसत होती. हा पुण्याच्या टांकसाळीतला, पेशवाईच्या बाजारपेठेत खेळलेला अंकुशी रुपया. त्यावर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे, शहाआलमचे. ज्या पेशव्यांच्या दरबारात दिल्लीची सूत्रे हालत, त्यांनी आपल्या रुपयावर आपले नाव घातले नाही. कारण रयतेच्या हाताला बादशहाच्या नावाची सवय होती, आणि नाणे हे सवयीवर चालते. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरे अर्धीमुर्धी उमटत. म्हणूनच तो आजच्या डोळ्याला वेडावाकडा दिसतो. १८१८ नंतर इंग्रजांनीसुद्धा काही वर्षे पुण्याला हाच रुपया पाडला.

पेशवाईत नुसते 'रुपये' म्हणून भागत नसे. पुढचा प्रश्न ठरलेला: कोणते रुपये? अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती, अर्काटी, हाली शिक्का, चिंचवडी! प्रत्येकाचे वजन थोडे निराळे, चांदीचा कस निराळा. एका पेठेत पूर्ण मोलाने चालणारा रुपया दुसऱ्या पेठेत काही दुगाण्या कमी भरे. ही जी कमतरता कापून घ्यायची, तिला म्हणत बट्टा. आज आपण 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' म्हणतो, तेव्हा आपण नकळत सराफाच्या पेढीवरचा शब्द बोलत असतो. 'खणखणीत माणूस', 'पारख', 'कसाला उतरणे' हे सगळे त्याच पेढीवरून आपल्या घरात आले.

टांकसाळी पुष्कळदा सरकार स्वतः न चालवता सोनार-सावकारांना ठरावीक रक्कम घेऊन परवान्याने देई. परवानेदाराचा लोभ सुटला की रुपयात तांबे वाढे. न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मराठी अमदानीतल्या टांकसाळींवर इंग्रजीत एक निबंध लिहिला. खोटी नाणी पाडतात म्हणून थोरल्या माधवरावांनी १७६५ च्या सुमारास धारवाडकडच्या २१ खासगी टांकसाळी बंद करून एकच मध्यवर्ती टांकसाळ घालण्याचा हुकूम दिल्याची हकीगत त्यात आली आहे. त्या रुपयांचे नुकसान सोसणारा शेवटी कोण? सारा भरायला कचेरीत उभा राहिलेला कुणबी.

त्याच्या आणि सरकारच्या मध्ये बसे पोतदार. गावात हे काम बहुधा सोनाराकडे असे. भरण्याला आलेला प्रत्येक रुपया तो तर्जनीवर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवी, कडा बघे, घासून बघे आणि सांगे: खरा, खोटा, किंवा खरा पण बट्ट्याचा. त्याच्या एका शब्दावर कुणब्याच्या वर्षाच्या मेहनतीचे मोल ठरे. आज आपल्यात पोतदार, पारखी, सराफ, टाकसाळे ही आडनावे आहेत. ती या व्यवहाराची उरलेली ठसे आहेत. आणि हे काम काही मराठ्यांच्या राज्यातच निघालेले नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा 'रूपदर्शक' नावाचा अधिकारी आहे, आणि त्याच्या परीक्षेचा आकारही सांगितला आहे: शेकडा एक अष्टमांश. लंडनला तर टांकसाळीची नाणी पंचांपुढे तपासण्याचा समारंभ १२८२ पासून चालत आला आहे.

त्याच अर्थशास्त्रात चांदीच्या नाण्याची जी कृती आहे ती वाचून मी थबकलो. सोळा भागांत चार भाग तांबे, एक भाग लोखंड, कथील, शिसे यांसारखी दुसरी धातू, आणि उरलेली अकरा भाग चांदी. म्हणजे मौर्यांच्या राज्यात पूर्ण खरे मानलेले 'चांदीचे' नाणे शंभरात एकोणसत्तर भागच चांदीचे! निखळ चांदी मऊ असते, हाताळून लवकर झिजते. म्हणून तिच्यात थोडे तांबे घालावेच लागते. तेव्हा 'हे खऱ्या चांदीचे आहे का' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर नसते. 'किती' हे विचारावे लागते.

आमच्या ताम्हनातले दोन मानकरी याच प्रश्नापुढे उभे करू.

१८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. बट्ट्याचे जंगल या एका कायद्याने हळूहळू तुटत गेले. हा रुपया इतका नेमका असे की घरोघर तो वजन म्हणून वापरीत. जुन्या बायका औषध सांगताना 'रुपयाभार सुंठ' म्हणत ती हीच. राणी छाप रुपया त्याच मापाचा, आणि त्यानंतरचे राजा छाप रुपयेही १९३९ पर्यंत त्याच कसाचे.

पण या सरळ रुपयातही एक गंमत शिरली. १८९३ च्या जूनपर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. जगात चांदी स्वस्त होत चालली, तेव्हा सरकारने ही मुभा बंद केली. त्यानंतर रुपयातल्या चांदीची बाजारातली किंमत रुपयापेक्षा कमी राहू लागली. याचा अर्थ काय होतो पहा. एखाद्या लबाडाने पुरेपूर चांदी घालून, एक गुंजही न चोरता, घरी रुपया पाडला तरी त्याला नफा! असा रुपया वाजेल खणखणीत, कसाला उतरेल, वजनाला भरेल. आणि तरीही खोटा. चांदी खरी, नाणे खोटे.

याच्या उलटही झाले. पहिल्या महायुद्धात चांदी महाग आणि दुर्मीळ झाली. सरकारने १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने आपल्या तिजोरीतली चांदी विकायला काढली, तिच्यातून हिंदुस्थानसाठी वीस कोटी औंस चांदी आली. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारने रुपयाचा कसच बदलला. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मी. ४० भाग तांबे, पाच भाग निकेल, पाच भाग जस्त. राणी छाप रुपये १९४१ साली चलनातून बाद झाले, कारण त्यांतली चांदी सरकारला हवी होती. शेवटी १९४७ चा, वाघाचे चित्र असलेला रुपया निघाला तो निव्वळ निकेलचा. त्याच्यात चांदी गुंजभरही नाही. पण तो सरकारी टांकसाळीचा, अगदी खरा रुपया. नाणे खरे, चांदी नाही.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या 'खोटा' हा एकच शब्द होता, आणि त्यात हे दोन निराळे प्रश्न एकत्र बांधलेले होते. पणजोबांच्या हाती १९१९ साली आलेला अंकुशी रुपया सरकारी चलन नव्हता, हे खरेच. पुण्याची टांकसाळ १८३५ च्या सुमारास बंद झाली होती. बाजारात त्याचे रुपया म्हणून काही चालले नसते. पण पणजीचा आरोप तो नव्हता. तिचा आरोप धातूवर होता, आणि धातूवरून माणसावर गेला होता.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेच्या कपाटातला जुना दोन पारड्यांचा तराजू बाहेर काढला. विज्ञानाचे आमचे सहकारी मदतीला होते. माझे शास्त्र मॅट्रिकपुरतेच. आधी लोहचुंबक लावून पाहिला. तिघांपैकी कोणीही चिकटले नाही. १९४७ चा निकेलचा रुपया असता तर टपकन चिकटला असता. पण चुंबकाची साक्ष एवढीच, की यात लोखंड किंवा निकेलचा भरणा नाही. तांबे, पितळ, शिसे यांनाही चुंबक ओढत नाही. तेव्हा चुंबकाला न चिकटला म्हणून चांदी, असे कोणी सांगू लागले तर ऐकू नये.

मग आर्किमिडीजची युक्ती. सायराकूसच्या राजाच्या मुकुटात सोनाराने भेसळ केली की काय, हे मुकुट न मोडता सांगायचे होते. आंघोळीच्या टाकीत ती युक्ती सुचली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या घरच्या रुपयालाही ती तशीच लागू पडते. नाणे आधी कोरडे तोलायचे. मग बारीक दोऱ्याने तराजूच्या दांडीला टांगून पेल्यातल्या पाण्यात पूर्ण बुडवून तोलायचे. बुडाला किंवा काठाला टेकू द्यायचे नाही, अंगावरचे बुडबुडे काढून टाकायचे. पाण्यात जेवढे वजन घटते त्याने कोरड्या वजनाला भागायचे. येईल तो त्या धातूचा पाण्याशी जडपणा. निखळ चांदीचा येतो साडेदहाला किंचित कमी, १०.४९. तांब्याचा नऊला किंचित कमी. शिशाचा ११.३४.

राणी छाप रुपयाने आकडा दिला १०.३. बारात अकरा भाग चांदीला शोभेल असाच. राजा छाप रुपयाने दिला साडेनऊ. निम्म्या चांदीचा हिशेब. आणि मग मी तिसरा रुपया दोऱ्यात बांधला. खरे सांगतो, दहावीच्या निकालाला बसलेल्या मुलासारखे माझे झाले होते. कोरडे वजन ११.०५ ग्रॅम. पाण्यात ९.९९. घट १.०६. भागाकार १०.४२.

ज्याला शंभर वर्षे कुंकू मिळाले नाही, तो तिघांत सर्वांत जास्त चांदीचा निघत होता! आणि ताम्हनात मानाने बसणारा राजा छाप रुपया निम्मा.

पण मास्तरकीचा एक गुण म्हणजे उत्तर बरोबर आले तरी रीत तपासायची. सहकारी म्हणाले, "घाई नको. तांबे हलके, शिसे जड. दोन्ही हिशेबाने मिसळली तर चांदीएवढाच आकडा आणता येतो. वर चांदीचा मुलामा दिला की झाले." आणि शिसे घातलेले नाणे बद्द वाजते, हेही त्यांनी आठवण करून दिले. पुन्हा मन खाली बसले.

रविवारी मी तळेगावच्या बाजारात एका वयस्क सराफांकडे गेलो. मोठ्या पेढ्यांवर आता क्ष-किरणांचे यंत्र असते. नाणे ठेवले की धातूंचे शेकडा प्रमाण पडद्यावर दिसते. पण ते यंत्रही वरचा पातळ थरच वाचते. कसोटीच्या दगडावर घासले तरी घासले जाते ते वरचेच. जुन्या सराफांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते नाण्यात लहान पोलादी ठसा खोल ठोकून आतला रंग बघत. चांगला निघाला की तीच त्यांची खूण म्हणून राहत असे. आमच्या रुपयावर अशा पाच खुणा होत्या. ज्यांना मी आजवर झीज समजत होतो, त्या पाच निरनिराळ्या पारख्यांच्या सह्या होत्या.

सराफांनी डोळ्याला भिंग लावले, एकेका खुणेच्या तळाशी पाहिले. "आत पांढरी आहे. तांबूसपणा कुठे नाही, शिशाची काळपट झाक नाही," ते म्हणाले. मग कडेच्या एका जागी अगदी केसभर घासून कसोटीवर रेघ ओढली आणि तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. रेघेवर लाल रंग उठला. त्या तेजाबात चांदीला असाच रंग येतो. (घरी कोणी हा प्रयोग करू नये. तेजाबाने हातही भाजतो आणि नाणेही. तशीच दुसरी विनंती: जुने नाणे चिंच-राख लावून घासू नये. चांदीवर चढणारा काळपटपणा हवेतल्या गंधकामुळे येतो. तो तिचा दोष नव्हे, उलट तिची ओळख आहे.)

"मग वाजत का नाही?" मी विचारले.

त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. कडेवर एके ठिकाणी डाख लावल्याचा डाग होता. तेथून निघून थेट अंकुशाच्या आकृतीपर्यंत एक चीर गेली होती, केसासारखी, काळ्या मळाने भरलेली. उजेडात आडवी धरल्याशिवाय दिसत नव्हती.

"इथे नाके होते, मास्तर. कोणीतरी गळ्यात घालत असे याला. नाके उपटून काढताना कड तडकली. तडकलेली घंटा वाजेल का? तसेच हे. चांदी चांगली आहे हो, तडा गेलाय एवढेच."

परतताना गाडीत मी फार वेळ त्या नाक्याचा विचार करीत होतो. १९१९ सालचा तो शेतकरी. फेडीला एक रुपया कमी पडतो आहे. घरात आहे ते एकच: बायकोच्या गळ्यातल्या माळेतला, कोण जाणे किती पिढ्यांचा, लक्ष्मी म्हणून जपलेला रुपया. त्याने किंवा तिने स्वतःच त्याचे नाके उपटले असेल. कर्ज बुडवायचे नाही म्हणून. आणि तो रुपया आमच्या उंबऱ्यावर बद्द वाजला. पणजीने लावलेली कसोटी खोटी नव्हती. वाजवून बघणे ही हजारो सराफांची रीत आहे. फक्त ती एकच लावली गेली, आणि तिच्यावर निकाल दिला गेला. पेशवाईतला पोतदारसुद्धा नुसत्या आवाजावर रुपया टाकून देत नसे. तो वजन बघे, कड बघे, कस बघे. आमच्या घरात त्या दिवशी पोतदार नव्हता, राग होता.

आईला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नेऊन दे त्यांचा त्यांना. मीही येते."

वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही वरच्या आळीत गेलो. त्या घराची पायरी आई सून होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदा चढत होती. दारात पणती होती. माझी विद्यार्थिनी धावत आत गेली आणि तिची आजी बाहेर आली. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण नजर तेज. मी वजनाचे आकडे, पाण्यातली घट, पाच खुणा, चीर, सगळे वर्गात सांगावे तसे सांगितले. आजींनी किती ऐकले कोण जाणे. त्यांनी रुपया हातावर घेतला आणि अंगठ्याने कडेवरची डाखाची जागा चाचपली.

"माझ्या सासूबाई सांगायच्या," त्या म्हणाल्या, "त्यांच्या सासूच्या माळेत सात होते. सहाच राहिले म्हणून. सातवा कुठं गेला ते कधी सांगितलं नाही."

आई म्हणाली, "काकू, चूक आमची झाली. हा तुमचा तुम्ही ठेवून घ्या."

आजींनी मान हलवली. रुपया आईच्या हातात परत ठेवला आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "नको गं बाई. तो फेडीचा आहे. परत घेतला तर कर्ज राहील आमच्या माणसाच्या डोक्यावर. तुमच्याकडंच असू दे. फक्त कुंकू लावत जा त्याला."

यंदा आमच्या ताम्हनात तीन रुपये आहेत. अंकुशी मध्ये, उजवीकडे राणी, डावीकडे राजा. निम्म्या चांदीच्या राजाला पानावर काढावे काय, असे मी आईला थट्टेने विचारले; तिने माझ्याकडे नुसते पाहिले. लक्ष्मीपूजनाला वरच्या आळीतली आजी नातीचा हात धरून आमच्याकडे आली. आईने तबक पुढे केले. आजींनी स्वतःच्या बोटाने रुपयाला कुंकू लावले, आणि मग नातीला म्हणाल्या, "वाजवून बघ."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. तिने रुपया बोटावर तोलला आणि राणी छाप रुपयाने हलकेच टिचकी मारली. तो बद्दच वाजला.

"ऐकलंस?" आजी म्हणाल्या. "हा असाच वाजतो."